मत कोणास द्यावें, आणि द्यावेंच कां?

निवडणूक जवळ आली म्हणजे सुशिक्षित घरांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें : “सगळे एकाच माळेचे मणी, मत द्यावयाचें तरी कोणास?” हें बोलणारा मनुष्य बहुधा आळशी नसतो, अडाणी तर नसतोच. वर्तमानपत्र तो अग्रलेखासकट वाचतो, अर्थसंकल्पावर दोन घटका वाद घालूं शकतो, आणि मतदानाच्या दिवशीं मात्र सुटी मिळाली म्हणून कुटुंबासह देवदर्शनास किंवा समुद्रकांठीं जातो. २०२४ च्या विधानसभेच्या निवडणुकींत कोल्हापूर जिल्ह्यांत शेंकडा ७६ च्या वर मतदान झालें, आणि मुंबई शहर जिल्ह्यांत तें ५२ च्या आसपास राहिलें. शहरांच्या याद्यांत स्थलांतरितांचीं व दुबार नांवें पुष्कळ असतात हें कारण आहेच. पण तेवढ्यानें सगळी तूट भरून निघत नाहीं. विचार करून घरीं बसणारे थोडे तरी लोक आहेत. आजचें आमचें बोलणें त्यांच्याशीं आहे. आळशांशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं नागपुराकडील एका भगिनीचें पत्र या विषयावर फार नेटकें आहे. त्या लिहितात : “शेतमालाच्या भावाविषयीं मला एका पक्षाचें म्हणणें पटतें, मुलांच्या शिक्षणाच्या भाषेविषयीं दुसऱ्याचें, आणि आमच्या प्रभागांतील पाण्याविषयीं कोणाचेंच नाहीं. घरांत मामंजी म्हणतात, ‘तुला ठरवितां येत नसेल तर घर ज्याला देतें त्याला दे.’ न पटणाऱ्याला मत देऊन खोटें बोलण्यापेक्षां न देणें अधिक प्रामाणिक नव्हे काय?”

या प्रश्नांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. मामंजींचा प्रश्न पुढें घेऊं. पहिला प्रामाणिकपणाचा.

प्रथम थोडें गणित. पांच सार्वजनिक प्रश्न घेतले आणि प्रत्येकास ‘होय’ व ‘नाहीं’ अशीं दोनच उत्तरें धरलीं, तरी मतांचे बत्तीस निरनिराळे संच होतात. दहा प्रश्न घेतले तर १,०२४. आपल्या मतदारसंघांत खरोखर जिंकूं शकतील असे उमेदवार दोन, फार तर तीन. तेव्हां विचार करणाऱ्या मनुष्याचा संच एखाद्या पक्षाच्या संचाशीं पुरता न जुळणें हा अपवाद नव्हे, तो नियमच आहे. उलट ज्याचीं दहाच्या दहा मतें आपल्या पक्षाशीं तंतोतंत जुळतात, त्याचें एक तर भाग्य थोर, नाहीं तर त्यानें तीं मतें पक्षाकडूनच उसनीं आणलेलीं असावींत. म्हणून ‘माझ्या विचारांचा पक्ष नाहीं’ ही तक्रार ऐकली म्हणजे तक्रार करणारा विचार करतो एवढेंच आम्हांस कळतें. राज्य बिघडलें आहे असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

प्रामाणिकपणाची शंका येते ती मत म्हणजे दाखला आहे असें मानल्यामुळें. आम्हीं शाळेंत शेंकडो मुलांचे दाखले लिहिले. ‘वर्तणूक चांगली’ हे दोन शब्द लिहितांना कित्येकदां लेखणी अडखळे, कारण तेथें आमची सही आमच्या शब्दास जामीन होती. मतपत्रिकेवर मतदाराची सही नसते. ‘हा मनुष्य मला सर्वथा मान्य आहे’ असें तेथें कोणी विचारीतच नाहीं. ‘यांतील एक जण पांच वर्षें त्या आसनावर बसणार आहे, कोण बसावा?’ एवढाच तेथला प्रश्न. प्रश्न वेगळा असतां वेगळेंच उत्तर लिहिणाऱ्या मुलास आम्ही गुण देत नसूं, मग तें उत्तर कितीहि सुंदर असो.

निवडणुकीचें काम शिक्षकास कधींच चुकलें नाहीं. कागदी मतपत्रिकांच्या काळीं मतमोजणीस बसलों असतां बाद मतांचा गठ्ठा आम्हांस सर्वांत वाचनीय वाटे. बहुतेक मतें चुकून बाद झालेलीं. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर पडलेला. पण एखादी पत्रिका अशी निघे कीं तिच्यावर प्रत्येक चिन्हासमोर, रेघेबाहेर न जातां, मोठ्या निगुतीनें शिक्के मारलेले. तो मतदार उन्हांत रांगेंत उभा राहिला होता, बोटास शाई लावून घेतली होती, आणि एवढें करून त्यानें सर्वांस सारखेंच नाकारलें होतें. त्याचें म्हणणें आमच्या टेबलावरील चौघांस कळलें. पुढें तो गठ्ठा दोऱ्यानें बांधून लाखेनें बंद झाला.

मतदानयंत्रें आल्यावर ती सोयहि राहिली नाहीं. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९-ओ नांवाचा एक नियम होता. त्याप्रमाणें ज्यास कोणासच मत द्यावयाचें नसेल त्यानें तें केंद्राध्यक्षास सांगावें, केंद्राध्यक्षानें मतदारांच्या नोंदवहींत तसा शेरा लिहावा व खालीं त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. आमच्या केंद्रावर असा एकच गृहस्थ आला. त्यानें तें वाक्य उच्चारतांच भिंतीलगतच्या बाकावरील सर्व पक्षांचे प्रतिनिधि एकदम मान वळवून त्याजकडे पाहूं लागले. मत देणाऱ्याचें गुपित राही आणि न देणाऱ्याचें संध्याकाळच्या आंत गल्लीभर होई, असा तो न्याय होता.

सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१३ रोजीं हा दोष काढला. नाकारण्याचा हक्क गुप्तपणें बजावतां यावा म्हणून यंत्रावर ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ हें बटण ठेवण्याचा आदेश झाला. लोक त्यास ‘नोटा’ म्हणतात. हें बटण पुष्कळ असेल तर पक्षांना शरम वाटून ते चांगले उमेदवार देतील, अशी न्यायालयाची अपेक्षा होती. २०१४ च्या लोकसभेस सुमारें साठ लाख मतदारांनीं तें दाबलें, २०१९ मध्यें पासष्ट लाखांनीं, २०२४ मध्यें त्रेसष्ट लाखांच्या वर. एकूण मतांशीं प्रमाण पहिल्यानें शेंकडा एकाहून किंचित् अधिक, शेवटीं एकाहून किंचित् कमी. शरमेचें औषध म्हणून ही मात्रा फार लहान पडली असें म्हणावें लागतें.

जेथें मात्रा मोठी होती तेथें काय झालें? २०१९ मध्यें लातूर ग्रामीण मतदारसंघांत ‘नोटा’स २७,५०० मतें मिळून तें दुसऱ्या क्रमांकावर आलें, विजयी उमेदवारास मिळालीं १,३५,००६. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकींत प्रमुख प्रतिस्पर्धी पक्षानें अर्ज मागें घेतल्यावर १२,८०६ जणांनीं ‘नोटा’ दाबलें, आणि विजयी बाईंचीं मतें ६६,५३० झालीं. २०२४ मध्यें इंदुरास, जेथें होळकरशाहीपासून आपलीं कित्येक मराठी घराणीं नांदत आहेत, एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानें अखेरच्या दिवशीं अंग काढून घेतलें. त्या पक्षानेंच ‘नोटा’ दाबण्याचें आवाहन केलें, आणि २,१८,६७४ मतें त्या बटणावर पडलीं. तरी विजय झाला तो अकरा लाखांहून अधिक मताधिक्यानें. त्याच वर्षीं सुरतेस एकच उमेदवार उरल्यामुळें निवडणूक बिनविरोध झाली. तेथें नाकारण्यासाठीं देखील यंत्र आलें नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें या मतांची किंमत काय, हेंहि सांगितलें पाहिजे. लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकींत ‘नोटा’स सर्वांत जास्त मतें पडलीं तरी उमेदवारांपैकीं ज्यास अधिक तोच निवडून येतो. अनामत जप्त करतांना वैध मतांचा सहावा हिस्सा मोजतात. त्या हिशेबांतहि हीं मतें धरीत नाहींत. आपल्या राज्य निवडणूक आयोगानें स्थानिक संस्थांपुरता निराळा प्रयोग केला. पुणें जिल्ह्यांतील बोरी ग्रामपंचायतींत शेंकडा पंचाऐशींहून अधिक मतें या बटणावर गेल्यासारखे प्रकार पाहून, नोव्हेंबर २०१८ मध्यें आयोगानें आदेश काढला कीं ‘नोटा’स सर्वाधिक मतें मिळाल्यास निवडणूक पुन्हां घ्यावी. बोरीच्या ग्रामस्थांनीं एकमुखानें केलें म्हणून आयोगास ऐकूं आलें. एकट्यादुकट्याच्या नकाराचा तसा नाद होत नाहीं.

‘प्रतिनिधि’ हा शब्द आपण विधानसभेकडून शिकलों नाहीं. पूजेंत गणपतीची मूर्ति नसली तर सुपारी मांडतात, अलंकार नसले तर अक्षता वाहतात. ती सुपारी आणि त्या अक्षता हे प्रतिनिधीच होत. सुपारींत आणि गजाननांत साम्य तें किती! पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायांत या विषयाचा ऊहापोह झाला आहे, आणि त्यांतील वाद आमच्या या भगिनीच्या वादाशीं इतका जुळतो कीं सांगितल्याविना राहवत नाहीं. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फलासाठीं केलेलें, सर्व अंगांनीं पूर्ण होत असेल तरच करावें. एक अंग उणें पडलें तर फळ नाहीं, म्हणून न करणेंच बरें. नित्य कर्माचें तसें नाहीं. तें वेळ आली म्हणजे करावयाचेंच. अंगें जितकीं जमतील तितकीं जमवावीं, आणि विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्या सर्वांत जवळचें जें असेल तें घ्यावें. साळी मिळाल्या नाहींत तर देवभात चालतो.

आतां मतदान काम्य कीं नित्य? आपल्या विचारांचें राज्य यावें एवढ्याच हेतूनें कोणी मत देत असेल तर त्याचें तें काम्य. आणि तसा पक्ष नसतांना घरीं बसणें हें त्याच्यापुरतें तर्कशुद्ध आहे. परंतु राज्य आपल्या विचारांची वाट पाहत थांबत नाहीं. शाळेस शिक्षक मिळतात कीं नाहीं, दवाखान्यांत औषध असतें कीं नाहीं, धरणाचें पाणी शेतास कीं कारखान्यास, हें कोणीतरी ठरविणारच, आणि तें ठरविणाऱ्याची नेमणूक ठरल्या दिवशीं होणारच. म्हणून आम्ही मतदानास नित्यांत धरतों, आणि देवभात घेतों.

मीमांसकांनीं आणखी एक मर्यादा घातली आहे. उडीद, हरीक हीं धान्यें यज्ञास निषिद्ध. साम्य कितीहि असलें तरी त्यांस प्रतिनिधि करतां येत नाहीं. उमेदवारांतहि उडीद असतात. कोण मध्यम आणि कोण निषिद्ध हें पाहण्याचें साधन आज प्रत्येकाच्या हातीं आहे : सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निर्णयापासून उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण शपथपत्रावर सांगावें लागतें, आणि तीं शपथपत्रें निवडणूक आयोग सर्वांस पाहावयास ठेवतो. सोयरीक जुळवितांना सात पिढ्यांची चौकशी करणारीं आमचीं घरें हीं चार पानें वाचीत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें. तीं वाचून सगळेच्या सगळे निषिद्ध ठरले तर ‘नोटा’ जरूर दाबावें. त्याचें तेंच योग्य स्थान आहे. ‘कोणी मला पुरता पटत नाहीं’ हें मात्र त्या बटणास पुरेसें कारण नव्हे.

मामंजींच्या प्रश्नाचें उत्तरहि त्याच अध्यायांत आहे. द्रव्यास प्रतिनिधि चालतो, यजमानास चालत नाहीं. कर्म ज्याचें त्यानेंच करावें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करतांना, मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत, लक्षावधि स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची पत्नी, तमक्याची आई असेंच लिहवूं लागल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं तशीं नांवें ग्राह्य धरलीं नाहींत, आणि सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रिया त्या वेळीं मतास मुकल्या. तो निर्णय त्या वर्षीं कठोर वाटला असेल. पण मत कुटुंबाचें नसून व्यक्तीचें आहे, हें या देशांत तेव्हांच ठरून गेलें. मामंजी वडील आहेत. त्यांचें म्हणणें आदरानें ऐकावें, पटलें तर घ्यावें. न पटलें तर वाद घालण्याचेंहि कारण नाहीं, कारण पुठ्ठ्याच्या आडोशामागें सूनबाई एकटीच असते, आणि यंत्राशेजारच्या कांचेंत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी तिच्यावांचून कोणी पाहत नाहीं.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो खोटा नाहीं, कीं जवळचा म्हणून निवडलेला मनुष्य जवळ राहतो कोठें? २०१९ मध्यें निवडलेल्या विधानसभेच्या पांच वर्षांत महाराष्ट्रानें तीन मुख्यमंत्री पाहिले आणि दोन पक्ष दुभंगलेले पाहिले. ज्यानें एका चिन्हास मत दिलें त्यास आपलें मत नक्की कोणत्या बाजूस बसलें आहे हें कळेना. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें आमदाराची फारकत थांबावी असा हेतु होता. परिणाम असा झाला कीं एकट्यादुकट्यास स्वतःच्या विवेकानें सभागृहांत मत देणें अवघड, आणि टोळीनें पलीकडे जाणें सोपें. या कायद्याविषयीं आमचें मत चांगलें नाहीं. पण या सर्वांचा संताप मतदानाच्या दिवशीं घरीं बसून काढणें म्हणजे वाण्यानें मापांत मारलें म्हणून आपणच उपाशी राहणें होय.

एका मतानें काय फरक पडतो, असें म्हणणाऱ्यांस कांहीं गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. २०१७ मध्यें मुंबई महापालिकेच्या गिरगांवांतील एका प्रभागांत दोन उमेदवारांस ५,९४६ अशीं समसमान मतें पडून निकाल चिठ्ठी काढून लागला. २००८ मध्यें राजस्थानांत नाथद्वाऱ्यास एक मातबर पुढारी एका मतानें पडला. २०२४ मध्यें मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा खासदार ४८ मतांनीं ठरला, आणि तेथें ‘नोटा’ दाबणारे हजारोंनीं होते. गोष्टी खऱ्या आहेत, तरी आम्ही त्यांजवर फारसा भार ठेवीत नाहीं. शेंकडों निवडणुकांत असें एकदां घडतें. सोडतीचें तिकीट घ्या म्हणून सांगण्यासारखेंच तें आहे.

भार ठेवावा असें कारण निराळें आहे, आणि तें निवडणुकीच्या कामांत आम्हीं जवळून पाहिलें. निकालानंतर ‘नमुना वीस’ म्हणून एक तक्ता निघतो. त्यांत कोणत्या मतदानकेंद्रावर कोणास किती मतें पडलीं हें केंद्रवार दिलेलें असतें. आपण तो पाहत नाहीं; पक्षांचे कार्यकर्ते तो पाठ करतात. कोणती आळी येते आणि कोणती येत नाहीं हें त्यांस पुरतें ठाऊक असतें. जी आळी येऊन निरनिराळ्यांस मतें देते, तिच्या दारीं सर्व पक्षांचे लोक जातात, कारण ती वळूं शकते. जी येतच नाहीं, तिच्या नळाचें, दिव्याचें, गटाराचें काम यादींत सर्वांच्या शेवटीं जातें. न येण्यामागें तात्त्विक खेद आहे कीं दुपारची झोप, हें त्या तक्त्यांत लिहिलेलें नसतें.

दोष पद्धतींतहि आहे. ‘पहिला पसंत हा, तो नसेल तर तो’ असें क्रमानें लिहितां आलें तर आमच्या भगिनीची अर्धी अडचण सुटेल. ऑस्ट्रेलियांत १९१८ पासून तसें लिहितात. आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड, आणि विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघांतील निवड त्याच रीतीनें होते. आम्ही मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, सबब त्या मतपत्रिकेचें दर्शन आम्हांस दुरूनच. सामान्य निवडणुकींत ही रीत आणावी असें आम्हांस वाटतें. पण जे पक्ष आजच्या रीतीनें निवडून येतात त्यांनींच ती आणावयाची, म्हणून घाईनें येईल अशी आशा नाहीं.

आणि यंत्रावर कोणाचीं नांवें यावींत हें ठरतें तें मतदानापूर्वीं कित्येक आठवडे. तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. सभासदांस कोणी विचारीत नाहीं. त्या वेळीं आपण कोठें असतों? पक्षाचें सभासदत्व घेणें आपल्या घरांत कमीपणाचें मानतात, ग्रामसभेंत किंवा प्रभागाच्या बैठकींत उठून बोलणें त्याहून. पाटावर बसून ताटांत काय वाढलें याची तक्रार करणारांपैकीं स्वयंपाकघरांत कोणी डोकावलेलाच नसतो. आमच्या भगिनीचा पाण्याचा प्रश्न कोणत्याच पक्षाचा नाहीं, असें त्या लिहितात. मग तो एखाद्या उमेदवाराचा कां होऊं नये? मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. अपक्षास विधानसभेच्या अर्जावर त्याच मतदारसंघांतील दहा मतदारांच्या सह्या लागतात, आणि अनामत दहा हजार रुपये. एकत्र कुटुंबाच्या एका पंक्तीस मतदानाच्या वयाचीं दहा माणसें सहज बसतात. मात्र त्या पंक्तींतील दहाहि जण एकाच अर्जावर सही करतील कीं नाहीं, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारून पाहावा.